साक्षीत गाळलेली वर्षं: तुमचे अनुभव लिहा

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आपण थेट शेवट सांगतो. आजार गेला, घर सावरलं, प्रभूची स्तुती असो! मधली वर्षं गाळतो. इथे तीच लिहा. बायबलमधल्या याकोबाने यब्बोक नदीच्या काठी पहाटेपर्यंत देवाशी झोंबी केली, आशीर्वाद मिळवला, नवं नाव मिळवलं; पण सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत होता (उत्पत्ती 32). लंगडणं लपवू नका, एवढंच.

सुरुवात माझ्यापासून. बाळ पोटातच गेलं. "विश्वास कमी पडला," असं तोंडावर सांगणारेही भेटले. आठ महिने प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत घ्यायच्या भाकरीचं, तबक समोर आलं की मी काहीच न घेता पुढे सरकवायचे. शेजारी बसणाऱ्या मावशींनी कधी विचारलं नाही. एकदा फक्त स्तोत्र 88 उघडून मांडीवर ठेवलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. 18 वचनं, आणि शेवट अंधारात. असलं गाऱ्हाणंही पवित्र शास्त्रात ठेवलंय, म्हणजे माझंही चालेल, असं वाटलं. त्या रात्री देवाशी कडाडून भांडले. ती माझी कित्येक महिन्यांतली पहिली प्रार्थना.

*

दारू सुटून सहा वर्षं झाली, तलफ सुटलेली नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. माझी मोजणी कधीच चुकली. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे त्याला मिळालेलं उत्तर मला पूर्वी गोड शब्दांतला नकार वाटायचा. खरं सांगू? आजही काही रात्री तसाच वाटतो. बदल विचाराल तर इतकाच, की आता तलफ आली की लपत नाही, फोन करतो. समोरचा झोपेतून उठून ऐकतो.

*

माझं छोटं आहे. सख्ख्या भावाने फसवलं. "क्षमा कर" म्हणणारे पुष्कळ, आणि त्यातले निम्मे घाईत असतात. उपासनेत प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणते, पण "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" तिथे गप्प होते. खोटं कशाला बोलू देवासमोर? दोन वर्षं हेच चाललंय. गेल्या रविवारी "जसे आम्ही" इथपर्यंत आवाज निघाला.