मदत हवी आहे: नाक्सोस आणि मिलोस बेटांवर जोराच्या वाऱ्याच्या दिवशी पोहण्यासाठी आडोशाचा किनारा कसा निवडावा?

निळाई:

नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुण्याहून ग्रीसला जात आहोत. आधी नाक्सोस आणि नंतर मिलोस असा मुक्काम ठरला असून विमानाची आणि बोटीची तिकिटे काढून झाली आहेत, त्यामुळे बेटे किंवा तारखा बदलण्याचा सल्ला आता उपयोगी पडणार नाही. बरोबर माझे पती, आई आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुले आहेत. आई लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकली आणि आज सत्तरी ओलांडल्यावरही संथ पाण्यात सहज तासभर पोहते. परंतु लाट अंगावर आली की तिचा तोल जातो आणि एकदा पाण्याबाहेर आली की त्या दिवशी ती पुन्हा आत जात नाही. या प्रवासात तिला समुद्रात मनसोक्त पोहता यावे अशी माझी फार इच्छा आहे आणि मुख्यतः त्यासाठीच हा प्रश्न विचारत आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो, आकाश निरभ्र असतानाही तो कित्येक दिवस थांबत नाही आणि नाक्सोस आणि मिलोस ज्यांत येतात त्या किक्लाडीस बेटांना त्याचा सर्वाधिक तडाखा बसतो, एवढे मी वाचले आहे. त्यावर सगळीकडे एकच उपाय सांगितलेला आढळतो, तो म्हणजे वारा उत्तरेचा असेल तर बेटाच्या दक्षिणेला जावे. मात्र नकाशा पाहू लागल्यावर हा नियम मला पुरेसा वाटेना. पारोस बेटावरचा ख्रिसी आक्ती हा किनारा आग्नेयेला आहे, तरीही तो विंडसर्फिंगसाठी प्रसिद्ध आहे. मिकोनोसवरचा कालाफातीही तसाच. जेथे शिडाच्या फळ्यांना पुरेसा वारा मिळतो तेथे माझ्या आईला संथ पाणी कसे मिळणार?

कोकणात आम्ही भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहतो, गावातल्या माणसांना विचारतो आणि पावसाळ्यात पाण्यात उतरतच नाही. एजियनमध्ये नेमके काय पाहावे? हवामानाच्या अंदाजातला कोणता आकडा आमच्यासाठी महत्त्वाचा आहे? मुलांसाठी हवा भरायची गादी न्यावी का? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

अथेन्सकर:

नमस्कार निळाई. मी नोकरीनिमित्त अथेन्समध्ये राहतो आणि उन्हाळ्यात किक्लाडीसला जाणे होते, म्हणून लिहितो आहे. तुमची शंका अगदी योग्य आहे. दक्षिणेला जाण्याचा नियम सुरुवात म्हणून ठीक असला तरी किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढ्यावरून सगळे ठरत नाही. वारा येतो त्या बाजूला, अगदी किनाऱ्यालगत, काय उभे आहे, हा खरा प्रश्न आहे. ख्रिसी आक्तीला उत्तरेचा वारा किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. त्याला अडवणारे उंच भूशिर मध्ये नाही, म्हणून आग्नेयेला असूनही तेथे विंडसर्फिंग चालते. याउलट त्याच पारोसवरचा मोनास्तिरी हा किनारा बेटाच्या उत्तर टोकाजवळ, नाउसाच्या उपसागरात आहे आणि नुसता नकाशा पाहणारा माणूस तेथे कधीच जाणार नाही. परंतु बाजूच्या खडकाळ द्वीपकल्पाने त्याला पाठीशी घातल्यामुळे मेल्टेमीतही तेथले पाणी बरेच शांत राहते.

नाक्सोसवर याचे सर्वांत चांगले उदाहरण मिक्री व्हिग्ला येथे पाहायला मिळते. तेथे एकच लहानसे भूशिर समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या उत्तरेचा पार्थेना किनारा काइटसर्फिंग आणि विंडसर्फिंग करणाऱ्यांनी भरलेला असतो, तर दक्षिणेच्या लिमानाकीला कुटुंबे मुलांना घेऊन पाण्यात उतरतात. दोन्हींमध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. शक्य असल्यास पहिल्याच दिवशी तेथे जा आणि भूशिराच्या दोन्ही बाजूंना थोडा वेळ उभे राहा, कारण आडोसा म्हणजे काय हे त्यानंतर कोणत्याही बेटाच्या नकाशावर तुम्हाला आपोआप दिसू लागेल.

तुमच्या आईंसाठी मी आयिओस प्रोकोपिओस सुचवेन. त्याच्या उत्तरेला स्तेलिदाची टेकडी आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या इतर लांब वाळूपट्ट्यांच्या मानाने तेथे लाटा कमी उठतात. त्यातही टेकडीच्या बाजूचे टोक निवडावे. मात्र तेथे पाणी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल होते, हे मुलांच्या दृष्टीने ध्यानात ठेवा. त्याच्या पुढे आयिआ आन्ना आणि मग प्लाका लागते. प्लाका देखणी आणि लांबलचक आहे, पण उघडी असल्याने जोराच्या वाऱ्यात तेथे उडणारी वाळू पोटऱ्यांना टोचते. शहराला लागून असलेल्या आयिओस यिओर्यिओसचे पाणी उथळ आहे आणि शहराजवळचा भाग लहान मुलांना चांगला, परंतु दक्षिणेकडे जावे तसे विंडसर्फिंगचे क्षेत्र सुरू होते, तिकडे पोहू नये. खोरा या मुख्य शहरातून या सर्व किनाऱ्यांना बस जाते.

अंदाजात तीन गोष्टी पाहा: वाऱ्याची दिशा, सरासरी वेग आणि झोतांचा वेग. येथे सगळे ब्यूफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर अंकांत सांगणाऱ्या, मोजमापात बोलतात. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, ५ म्हणजे २९ ते ३८, ६ म्हणजे ३९ ते ४९ आणि ७ म्हणजे ५० ते ६१. मेल्टेमीचे ५-६ हे नेहमीचेच, ७-८ सुद्धा होतात. माझ्या मते ४ पर्यंत तुम्ही बहुतेक कोठेही जाऊ शकता. ५-६ ला किनारा काळजीपूर्वक निवडावा. आणि ७ च्या दिवशी आईंना फक्त चांगल्या आडोशाच्या खाडीत आणि तेही सकाळी न्यावे. एरवी वारा सकाळी उशिरा चढत जातो, दुपारी सर्वाधिक असतो आणि संध्याकाळी उतरतो, त्यामुळे पोहण्याची वेळ न्याहारीच्या आधी किंवा लगेच नंतरची ठेवल्यास निम्मा प्रश्न सुटेल. तडाखा मोठा असला की तो रात्रीही थांबत नाही, हे मात्र गृहीत धरा.

दर्यावर्दी:

अथेन्सकरांच्या उत्तराला मी काही जोड देऊ इच्छितो. मी व्यापारी जहाजावर नोकरी करतो आणि एजियनमधून जाण्याचा प्रसंग वारंवार येतो.

भरती-ओहोटीबद्दल आपण विचारले आहे. एजियनमध्ये ती इतकी थोडी असते की पोहणाऱ्याने तिचा विचार करण्याचे कारण नाही. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला हे प्रथम पटत नाही, परंतु तेथे पाण्याची स्थिती मुख्यतः वाराच ठरवतो. या वाऱ्याचा आपल्या पावसाळ्याशी खरा संबंध आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा प्रदेश तयार होऊन मोसमी वाऱ्यांना ओढून घेतो, त्याचा एक पट्टा इराणवरून पश्चिमेला आनातोलियापर्यंत, म्हणजे तुर्कस्तानपर्यंत, पोहोचतो. त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर जास्त दाब असतो आणि या दोहोंमधल्या फरकामुळे हवा एजियनवरून दक्षिणेकडे धावते. पुण्यात आपण छत्री घेऊन निघतो तेव्हा नाक्सोसवर कोरडा वारा आणि निळे आकाश का असते, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे.

आता मला ज्याची सर्वाधिक काळजी वाटते त्याविषयी. आडोशाचा किनारा लाटांपासून वाचवतो, पण तो वाऱ्यापासून वाचवेलच असे नाही. उत्तरेचा वारा आणि दक्षिणेकडे तोंड केलेला किनारा म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणार. काठाजवळचे पाणी अशा वेळी आरशासारखे दिसते, कारण लाट तयार व्हायला वाऱ्याला पाण्यावर लांब पल्ला लागतो आणि काठाजवळ तो मिळत नाही. पोहणारा निर्धास्तपणे आत जातो, परतताना मात्र त्याला वाऱ्याविरुद्ध यावे लागते आणि तेथपर्यंत लाटाही मोठ्या झालेल्या असतात. आपल्याकडच्या मतलई वाऱ्याची दिशाही हीच, पण तो पहाटेचा आणि सौम्य असतो. मेल्टेमी भर दुपारी त्याच्या कित्येक पट जोराने वाहतो. हवा भरलेली गादी कृपया नेऊ नका. तिचे वजन जवळजवळ नसते, वाऱ्याला ती शिडासारखी सापडते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिला गाठता येत नाही. मुलांनी कमरेएवढ्या पाण्यात राहावे आणि मोठ्यांनी काठाला समांतर पोहावे. दुर्दैवाने कोणी गादीवर वाहत गेलेच, तर त्याने गादी न सोडता हात हलवत राहावे आणि काठावरच्यांनी मागे न धावता १०८ या ग्रीक तटरक्षक दलाच्या किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. हे दोन्ही क्रमांक मुलांनाही पाठ करवा.

दुसरे म्हणजे, उंच डोंगराच्या पायथ्याचा किनारा नेहमी शांत असतो असे नाही. डोंगर ओलांडून आलेली हवा दुसऱ्या बाजूच्या उतारावरून झोतांच्या रूपाने कोसळते. आंद्रोस, आमोर्गोस आणि कार्पाथोसच्या डोंगरांखाली बोटी नांगरणारे याबद्दल फार सावध असतात. म्हणून मोठ्या डोंगराच्या थेट खाली असलेल्या किनाऱ्यापेक्षा बुटक्या भूशिराने वळसा घातलेली खाडी पोहायला अधिक विश्वासाची. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहत उभे राहा. काठापासून बाहेर पळणारे गडद पट्टे आणि दूरवर फुटणारे पांढरे शेंडे दिसले, तर वारा समुद्राकडे आहे असे समजावे.

निळाई:

आपणा दोघांचे मनापासून आभार. गादीचा विचार रद्द केला आहे आणि मुलांनाही कारण समजावून सांगितले आहे. आता मिलोसबद्दल विचारते. साराकिनिको पाहायचेच आहे, त्सिग्रादोचे फोटोही फार सुंदर आहेत. आईसाठी यांतले काय योग्य ठरेल? आणि वारा अचानक दक्षिणेचा झाला तर काय करावे?

अथेन्सकर:

साराकिनिको जरूर पाहा, पण वाऱ्याच्या दिवशी तेथे पोहू नका. तो किनारा उत्तरेकडे उघडा आहे आणि पांढऱ्या ज्वालामुखीय खडकांमधल्या अरुंद फटीत लाटा शिरल्या की बाहेर पडायला नीट जागा उरत नाही. तेथे सूर्योदयाला जावे, खडकांवरून दूर उभे राहून पाहावे आणि पोहायला दक्षिण किनाऱ्यावर यावे. त्सिग्रादोला उतरण्यासाठी खडकाच्या चिरेतून दोर आणि शिडी धरावी लागते, त्यामुळे आईंसाठी मी तो सुचवणार नाही. त्याच्या शेजारचा फिरिप्लाका रुंद, वाळूचा आणि सहज उतरता येण्याजोगा आहे. मात्र तुमच्या आईंसाठी माझी पहिली पसंती प्रोव्हातास. पाणी हळूहळू खोल होत जाते, तळ वाळूचा आहे आणि मेल्टेमीत लाट क्वचितच त्रास देते. पालिओखोरीला भूगर्भातल्या उष्णतेमुळे वाळू काही जागी गरम लागते. पाय भाजू नयेत म्हणून चपला घालूनच फिरावे. हे सर्व किनारे दक्षिणेकडे असल्याने दर्यावर्दींनी सांगितलेली काळजी येथे पूर्णपणे लागू आहे.

बेटाच्या मधल्या आखातात गेल्यास प्रत्येक जागी आडोसा मिळेल, असे मात्र समजू नका. आखिव्हादोलिम्नी हा लांब किनारा आखाताच्या आतच आहे, परंतु त्याचे तोंड उत्तरेकडे असल्याने वारा संपूर्ण आखात ओलांडून थेट त्याच्यावर येतो.

ऑगस्टमध्ये दक्षिणेचा वारा क्वचितच येतो. आलाच तर सर्व हिशेब उलटा होतो: प्रोव्हातास, फिरिप्लाका आणि पालिओखोरी टाळा आणि उत्तरेकडे तोंड असलेला आखिव्हादोलिम्नी बघा. रोजचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहण्याची सवय ठेवा. ग्रीसच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज मिळतोच, शिवाय मुक्कामाच्या घरमालकांना किनाऱ्याचे नाव घेऊन विचारा. आज कोठे पोहावे असे विचारण्याऐवजी आज प्रोव्हातासला पाणी कसे असेल असे विचारले, तर नेमके उत्तर मिळते.

शेवटी बोटीविषयी. वारा ८ ब्यूफोर्टच्या आसपास गेला की बंदर प्रशासन बोटी सोडत नाही आणि वेगवान बोटी त्याआधीच रद्द होऊ शकतात. म्हणून मिलोसहून अथेन्सला परतणे आणि मायदेशीचे विमान यांच्यामध्ये किमान एक मोकळा दिवस असावा. तुमच्या तिकिटांत तो नसेल, तर बोटीची तारीख अलीकडे घेता येते का, हे आत्ताच पाहून ठेवा.