घरचं हॉटेल : हाताखाली राबणाऱ्यांचे अनुभव

हॉटेल काढणाऱ्यांच्या कहाण्या आपण पुष्कळ ऐकतो. आजोबांनी गाडा लावला, वडिलांनी गाळा घेतला, आता दुसरी शाखा. त्या इथे नकोत. मला ऐकायचंय ते शाळेतून आल्यावर दप्तर टाकून थेट कांदा चिरायला बसलेल्यांचं, माहेरपणाला येऊन गल्ल्यावर बसवल्या गेलेल्यांचं. पगार नाही, रजा नाही, आणि कुणी "काय करतोस?" विचारलं तर "काही नाही, घरच्याच हॉटेलात असतो" म्हणणाऱ्यांचं. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठलेही असा. एखादा साधा दिवस सांगा. गणपती आणि शिवजयंतीच्या चित्ररथाची रात्र सोडून द्या, तेव्हा सगळेच राबतात. आणि पदार्थांच्या कृती एकमेकांना विचारू नका. खऱ्या कुणी सांगणार नाही.

निपाणी, हायवेच्या सर्व्हिस रोडवरून

कॉलेज दहाला, म्हणून पहाटेची पाळी माझ्या गळ्यात. पाच वाजता शटर अर्धंच वर करायचं. पूर्ण उघडलं की ट्रकवाले आत येऊन बसतात आणि मिसळीचा कट अजून चुलीवर चढलेला नसतो.

पहिलं काम दुधाचं. आमच्याकडे कोल्हापूरचं गोकुळही येतं, कर्नाटकचं नंदिनीही. चहाला कुठलं, हा घरातला कायमचा वाद. आप्पांना म्हशीचंच पाहिजे, काका नंदिनीच्या बाजूचा, म्हणतो आधी रेट बघा. एप्रिल २०२५ मध्ये नंदिनी लिटरमागे ४ रुपयांनी वाढलं तेव्हा काका काही दिवस या विषयावर गप्प होता.

खरं काम कटाचं. कांदा-खोबरं रात्रीच भाजून वाटलेलं असतं, सकाळी फक्त तेलात परतायचं. हे "फक्त" म्हणणाऱ्यानं एकदा त्या पातेल्यापुढं उभं राहावं. चटणी पडली की असा ठसका उठतो की शेजारचा पंक्चरवाला शिव्या घालत बाहेर येतो. कडेनं तेल सुटून वर लाल तवंग धरला की आप्पा लांबनंच सांगतात, "झालं बघ, आता हात लावू नको." चमचा घालून ढवळलं की तवंग मोडतो आणि मग दिवसभर कट पांचट दिसतो. चवीत फरक पडत नाही, पण गिऱ्हाईक आधी डोळ्यानं खातं. कुणी "कट अजून घाल की" म्हणालं तर घालायचा, त्याचे पैसे नाहीत. पाव मात्र मोजून.

१९८१ साली तंबाखू शेतकऱ्यांच्या रास्ता रोकोत हायवे अडला होता, तेव्हा आज्जीनं चहाचं पातेलंच रस्त्यावर नेऊन ठेवलं होतं, असं घरात सांगतात. हिशेब ठेवला नाही, असंही सांगतात. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. आज्जीला मी ओळखतो.

बेळगाव, शहापूर

मी या हॉटेलात सून म्हणून आले. आत एक लाकडी पार्टिशन होतं, त्याला हिरवा पडदा आणि वर "फॅमिली रूम" अशी पाटी. बायका आल्या की पडद्याआड. गल्ल्यावर मामंजी. ते नसले की भाऊजी. भाऊजी नसले तर शेजारचा पानवाला येऊन बसायचा, पण मला कुणी बस म्हणायचं नाही. नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी आत पुऱ्या लाटायची, बटाट्याच्या भाजीची फोडणी बघायची, उप्पीट-शिऱ्याच्या बश्या भरायची. पुढे मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भाऊजी पुण्याला गेले, आणि एके दिवशी पानवाल्याचंच लग्न निघालं. मग काय, बसले.

गल्ल्यावर बसल्यावर हॉटेल वेगळंच दिसतं. आतून मला फक्त आवाज यायचे, "दोन पुरीभाजी, एक साधा, एक पार्सल." आता माणसं दिसायला लागली. आणि बदल दिसला तो बाजाराच्या दिवशी. जून २०२३ पासून आमच्या कर्नाटकात "शक्ती" योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. येळ्ळूर, कडोली, उचगावकडच्या बायका आधीही बाजाराला यायच्याच, पण नवऱ्याबरोबर. तो आत चहा प्यायचा, ही बाहेर पायरीवर पिशव्या राखत बसायची. आता चौघी-पाचजणी मिळून येतात आणि सरळ मधल्या टेबलावर बसतात. पडद्याआड कोण जातंय!

एक आजी आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चोळीत ठेवतात. पैसे काढायला हात घातला की आधी ते कार्ड टेबलावर येतं. "हे दाखवलं की हितं पण फुकट काय गं?" असं मला दर वेळी विचारतात आणि माझ्या आधी स्वतःच हसतात. बिलावरून यांची भांडणं ऐकण्यासारखी. प्रत्येकीला आपणच पैसे द्यायचे असतात, एकीनं माझ्या हातात नोट कोंबली की दुसरी ती माझ्या मुठीतून ओढून काढते. पुरुषांचं असं नसतं. बिल आलं की त्यांना हात धुवायला जायचं आठवतं.

पडदा मी काढून धुतला, तो परत लावला नाही. पार्टिशन आहे अजून. त्यामागे कांद्याची पोती असतात. मामंजी आता बरे आहेत, सकाळी तासभर येऊन बसतात. बाकीच्या टेबलांकडच्या खुर्चीवर.

बेळगाव, कॅम्प

आमच्याकडे रविवार म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे रंगरूट. घोळक्यानं येतात, सगळ्यांचे केस एकसारखे बारीक, त्यामुळे कुणी काय मागवलं हे चेहऱ्यावरून लक्षात ठेवायची सोय नाही. मी टेबलाच्या कोपऱ्यावर खडूनं लिहून ठेवतो. डोसा, ऑम्लेट, परत डोसा, शेवटी काहीतरी गोड. मधेच एखादा आईला व्हिडिओ कॉल लावतो आणि प्लेट कॅमेऱ्यापुढं धरतो. बाबांचा एक नियम आहे : यांची परत जायची वेळ झाली की आपणच ओरडून सांगायचं, बिल राहिलं तर राहू दे. पुढच्या रविवारी आणून देतात.

अनगोळ

निपाणीकर पाव मोजून देतात म्हणून लिहिलंय. आमच्याकडे निम्मं गिऱ्हाईक बाय टू. एक चहा, दोघं जण. पैसे एकाचे, कप दोन. कप धुणारा मी. आणखी काय लिहू?

खानापूर तालुका, जांबोटीच्या रस्त्याला

आमचं हॉटेल चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते विचारायचं नाही. मिक्सर, ग्राइंडर बंद, मग आव्वाचा दगडी रगडा बाहेर निघतो. उडीद वाटायला दोघी लागतात, एक वाटणार, एक पाणी घालत डाळ आत लोटणार. मी लोटणार. त्यात कणकुंबीकडच्या त्या गारठ्यात पीठ फुगायचं नाव घेत नाही, म्हणून डबा गोणपाटात गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवायचा आणि मधे मधे फिरवायचा. एकाच बाजूनं ऊब लागली तर अर्धं पीठ आंबतं, अर्धं तसंच. इडली त्या दिवशी कशी होते हे आव्वा डब्याचं झाकण न उघडता, वासावर सांगते.

मी यंदा दहावीला. अभ्यास चार्जिंगच्या दिव्यावर, बरण्यांच्या मागं बसून. धबधबे बघायला आलेले लोक भिजून येतात आणि तशाच ओल्या अंगानं खुर्च्यांवर बसतात. एक ताई मला म्हणाल्या, "किती मस्त, तुम्ही इथंच राहता?" मी हो म्हटलं आणि त्यांच्या खुर्चीखालचं पाणी पुसलं. त्यांना चुलीवरची नाचणीची भाकरी हवी असते, आणि धूर नको असतो.

रेंज बहुतेक नसतेच. क्यूआर कोडपुढं मोबाइल धरला की नुसतं गोल गोल फिरत राहतं. बाबा म्हणतात, "ऱ्हाऊ दे, वर गेल्यावर पाठवा." लोक पाठवतात. गोव्याचे ट्रकवाले तर हमखास. फिरायला आलेल्यांचं सांगता येत नाही.

टिळकवाडी

मी बी.कॉम. झालो आणि घरातले सगळे कागद माझ्या अंगावर पडले. वर वाचलं, रेंज नाही म्हणून पैसे अडकतात. आमच्याकडे उलटं. जुलै २०२५ मध्ये यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. आम्हाला आली नव्हती, पण काकांनी बातमी बघितली आणि रातोरात क्यूआर कोड काढून "फक्त रोख" लिहून चिकटवलं. चहा-नाष्टा सेवेत धरतात, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर नोंदणी लागत नाही, आपण आतच आहोत, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण गंमत अशी की त्याच कोडवर आत्याची भिशी यायची, वरच्या खोलीचं भाडं यायचं, चुलतभावानं उसने घेतलेले पैसेही तिथंच परत यायचे. घरचं हॉटेल म्हणजे खातंही घरचंच! बघणाऱ्याला ती सगळी चहाचीच विक्री वाटणार. पहिल्यांदा ते वेगळं केलं. आता हॉटेलला स्वतंत्र खातं आहे आणि आत्या माझ्यावर नाराज आहे.

पाटीचं पण मीच बघितलं. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. आमच्या जुन्या पाटीवर हॉटेलचं नाव, "शुद्ध शाकाहारी", फोन नंबर आणि डाव्या बाजूला दत्त महाराज. रंगारी पट्टी घेऊन तासभर मोजत होता. कन्नड मोठं झालं, खाली मराठी नाव बसलं, नंबर बसला. दत्त महाराज बसले नाहीत. ते आता गल्ल्याच्या वर फ्रेममध्ये आहेत, पण आज्जी अजून त्या रंगाऱ्याला चहा विचारत नाही.

चिकोडीकडचा, सध्या पुण्यात

सुट्टीला घरी गेलो की बाबा सकाळी नावानं हाक मारत नाहीत. "कोण मोकळं आहे रे?" म्हणतात, आणि मोकळा मीच असतो. लॅपटॉप उघडून मीटिंगला बसलो तरी त्यांच्या हिशेबी मी मोकळाच, कारण हात रिकामे दिसतात. एकदा कॉल चालू असताना शेंगा सोलल्यात.

गेल्या दिवाळीला नवीन दाजी आले. आईनं ताट वाढलं, आणि तेवढ्यात बाहेर बस थांबली. वीसेक माणसं एकदम आत. दाजी भरल्या ताटावरून उठले आणि पाण्याचे ग्लास वाटायला लागले. आई माझ्यावरच ओरडली, "जावयाला कामाला लावलास होय रे!" मी तेव्हा तव्यावर होतो. गर्दी ओसरल्यावर कळलं की दाजींनी एका टेबलाचे दोन डोसे बिलात धरलेच नव्हते. बाबा म्हणाले, "असू दे, पहिल्यांदाच आहे." माझ्या वेळचं बाबांना विचारा.