स्वस्त वीज-गॅस कंपनी बुडाली तर?

लहान_फ्लॅट:
आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. वीज-गॅसचा फिक्स्ड करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दर न बदलणारा, पुढच्या महिन्यात संपतोय. तुलनेच्या साइटवर सगळ्यात वर एक कंपनी दिसतेय, आत्तापेक्षा वर्षाला १४० पौंडांनी स्वस्त. नाव मात्र कधी ऐकलेलं नाही. नवरा म्हणतो, "बदल आणि मोकळी हो." सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना थंडी अजिबात सोसत नाही. ऐन जानेवारीत कंपनी बुडाली तर हीटिंग बंद पडेल का? आणि खात्यात जमा असलेल्या पैशांचं काय?

मीटरचा_फोटो:
ताई, हीटिंगची काळजी सोडा. तारा आणि पाइप या कंपन्यांचे नसतातच, कंपन्या फक्त वीज-गॅस विकतात आणि बिल पाठवतात. एखादी बुडाली की ऑफजेम, म्हणजे इथली वीज-गॅसची नियामक संस्था, दुसरा पुरवठादार नेमून देतं आणि घरगुती ग्राहकाची जमा रक्कमही सुरक्षित राहते.

माझी कंपनी २०२१ मध्ये बुडाली. त्या वर्षी गॅसचे घाऊक भाव भडकले आणि ज्यांनी आधी पुरेसा गॅस घेऊन ठेवला नव्हता त्या कंपन्या पटापट कोसळल्या. बल्ब नावाची, पंधरा लाखांवर ग्राहक असलेली कंपनीसुद्धा टिकली नाही. घरात दिवा एकदाही मिणमिणला नाही. माझे १८६ पौंड मिळाले, पण शेवटचं बिल निघेपर्यंत तीन महिने गेले. खरा फटका दराचा. माझा स्वस्त फिक्स्ड दर कंपनीबरोबरच गेला आणि नव्या कंपनीने तिच्या महागड्या चालू दराने आकारणी सुरू केली. म्हणजे भाव चढले की नेमका तेव्हाच तुमचा स्वस्त करार हातातून जातो.

त्यामुळे डायरेक्ट डेबिट, म्हणजे दरमहा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता, फुगवून मागितला तर देऊ नका. दर महिन्याला मीटरचा फोटो काढा. बुडाल्याची बातमी आली तर घाईने दुसरीकडे उडी मारू नका, नवी कंपनी स्वतः संपर्क करते.

युनिट_मोजणारा:
१४० हा आकडा कोणाच्या वापरावर काढलाय? बऱ्याचदा साइट अंदाज धरते. बिलावरचे तुमचे वर्षाचे युनिट टाका आणि स्टँडिंग चार्ज बघा, तो घर बंद असलं तरी रोज लागतो. कराराच्या शेवटच्या ४९ दिवसांत एक्झिट फी (मुदतीआधी करार सोडल्याचा आकार) लागत नाही, म्हणजे तुम्ही त्यातून सुटलात. नव्या कराराची एक्झिट फी मात्र वाचा. आणि कंपनीला एकदा फोन लावून बघा, कोणी उचलतं का! तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे, म्हणजे तक्रार सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं, पण आठ आठवडे डोक्याला ताप असतोच.

लहान_फ्लॅट:
आमचे युनिट टाकले. साइटने तीन बेडरूमचं घर धरलं होतं! १४० चे ५२ झाले. फोनवर पस्तीस मिनिटं संगीत ऐकलं आणि ठेवून दिला. नवरा अजून म्हणतोय, ५२ तर ५२.

मीटरचा_फोटो:
करार केला तरी १४ दिवसांत रद्द करता येतो, हे तुमच्या नवऱ्याला सांगा. पण आधी आत्ताच्याच कंपनीला नवा फिक्स्ड दर विचारा. मला तिथेच मिळाला होता.