यामाहाची एमटी-०७ बाईक घ्यावी की कावासाकीची झेड६५०, असं तुम्ही विचारलंय.
तुम्ही दोन्हींची पॉवर मांडलीत, पण खरा फरक क्रँकमध्ये आहे, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल चाकासारखी फिरती करणाऱ्या दांड्यात; त्याचे अंश म्हणजे दोन पिस्टनच्या जोडांमधला कोन. यामाहाच्या ६८९ सीसी ट्विनचा, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनाचा, क्रँक २७० अंशांचा, म्हणून व्ही-ट्विनसारखी (सिलिंडर व्ही आकारात असलेल्या इंजिनासारखी) लय. तिसऱ्या गिअरला, कमी आरपीएमवर (इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर) नुसतं मनगट वळवलं की गाडी ओढ घेते. कावासाकीचा ६४९ सीसीचा क्रँक १८० अंशांचा, तिला जरा जास्त आरपीएमवर फिरवावं लागतं. मला एमटीच आवडते, मनापासून.

पण सिग्नलला टाचा टेकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. झेडची सीट ७९० मिमी उंच, एमटीची ८०५. शिवाय सीटची रुंदीही महत्त्वाची, तेव्हा रोजचेच बूट घालून दोन्हींवर बसून बघा. टाच अधांतरी राहिली तर बिनधास्त झेड घ्या.