एस्प्रेसो नीट शिकायचंय, कोर्स करू की थेट कॅफेत?

प्रश्न: चार महिने घरच्या मशीनवर एस्प्रेसो काढतेय. १८ ग्रॅम कॉफी घेते, पण १५ सेकंदांतच कप भरतो. चव आंबट, पाणचट. बरिस्ता, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणारी, व्हायची मनापासून इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी आंबटपणाचं बघू. दळण भरड आहे, त्यामुळे पाणी कॉफीतून पळून जातंय. बाकी काही न बदलता फक्त ग्राइंडरवरच्या खुणांनुसार दळण एकेक खूण बारीक करत जा. १८ ग्रॅम पुडीतून कपात साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. कपातली कॉफीही काट्यावर मोजा, फुगलेल्या क्रीमामुळे (वरचा तपकिरी फेस) डोळे फसतात. दळण बदलल्यावरचा पहिला शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) मी ओतून देतो, ग्राइंडरमध्ये जुनी पूड अडकलेली असते.

उत्तर २: स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या बरिस्ता कोर्सला फाउंडेशन, इंटरमीजिएट, प्रोफेशनल अशा पातळ्या आहेत. फाउंडेशनला पूर्वानुभव लागत नाही. पण पैसे भरण्याआधी विचारा, एका मशीनमागे किती जण? माझ्या वर्गात आठ होतो. दिवसभरात माझ्या वाट्याला चार शॉट आले, फार वाईट वाटलं. खरा हात बसला तो नंतर कॅफेत, सकाळच्या गर्दीत.

प्रश्नकर्ती: तीन खुणा बारीक केलं, २७ सेकंद! धार मधासारखी पडली, आंबटपणा गेला. खूप आभार. दुधात मात्र मोठे बुडबुडे येतात.

उत्तर १: हवा सुरुवातीलाच घ्या, वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागालगत ठेवून. मग टोक जरा खाली नेऊन भोवरा फिरू द्या. ६० ते ६५ अंशांवर थांबा आणि नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा.