फ्रेंच 'ओरांझ' खरंच आपल्या नारिंगातून आला का?

प्रश्न (वरूडकडचा): गटाच्या संत्रा-माहितीफलकावर "फ्रेंच 'ओरांझ' हा शब्द संस्कृत 'नारंग'पासून" असं छापायचं आहे. एक जण म्हणते, फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात, त्यावरून आला. दुसरा म्हणते, फ्रान्समधल्या ओरांझ गावावरून. आणि नारंगातून आला, तर पहिला 'न' गेला कुठं जी?

शब्दखुंट: नारंग बरोबर, पण मधली गावं गाळू नका. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज. अभिजात अरबीत 'ग' नाही, म्हणून फारसी शब्दातला 'ग' तिथं 'ज' झाला. अरबांसोबत कडू नारिंगाचं झाड सिसिली-स्पेनात पोचलं आणि नावही. स्पॅनिश 'नारांखा'त 'न' अजून शाबूत आहे. तो गळला इटलीच्या बाजूला. तिथं 'एक'साठी 'उन' लागते. 'उन नारांचो' म्हटलं की दोन 'न' चिकटतात. ऐकणाऱ्यानं एकच धरला, तो 'उन'ला दिला, उरलं 'आरांचो'. फ्रेंचमध्ये सुरुवातीला 'ओ' आला, त्याला मात्र 'ऑर'चा हातभार मानतात. म्हणजे सोन्यानं शब्दाला वळण दिलं, जन्म नाही.

काटोल-कळमेश्वर: गावाचं मूळ निराळंच. रोमन काळी ते 'आराउसिओ' होतं. घासून घासून उच्चार फळासारखा झाला, एवढंच. आणि संस्कृतवर थांबू नका. तमिळ 'नारत्तै', मल्याळम 'नारंङ' पाहा. बहुतेक अभ्यासक मूळ द्रविड मानतात. 'पासून'ऐवजी 'मार्गे' लिहा.

जंभेरी: खरी चूक फोटोत होईल, तिकडं लक्ष द्या. सैल सालीच्या आपल्या संत्र्याला फ्रेंच माणूस 'मांदारीन' म्हणते. 'ओरांझ' म्हणजे घट्ट सालीचं, मोसंबीच्या जातीचं फळ. कडू नारिंगाला 'बिगाराद'. 'संत्रा' हा शब्दही या साखळीतला नाही. पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला ही गोष्ट छापू नका: बाबर १५३० मध्ये वारला, आणि त्याच्या आत्मचरित्रात 'नारंज' आणि 'संगतरा' ही दोन फळं वेगवेगळी सांगितली आहेत.

प्रश्नकर्ता: मग असं चालते का? "मूळ बहुधा द्रविड; संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, इटालियन आरांचो यांमार्गे फ्रेंच ओरांझ."

शब्दखुंट: चालते. शेजारी मोसंबीचं चित्र टाका, आणि संत्र्याच्या चित्राखाली 'मांदारीन'.