काजू कारखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडतोय, नुसता डीड पुरेसा आहे का?

डिचोलीकर_काजू:
नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. आम्ही तीन भागीदार: मी, चुलत भाऊ आणि एक जुना मित्र. फर्म नोंदणीकृत आहे. भागीदारीच्या डीडमध्ये (करारपत्रात) मुदत नाही, ‘ॲट विल’ (मर्जी असेपर्यंत) एवढंच लिहिलंय. आता बॉयलर, मजूर, बी खरेदीची धावपळ माझ्याच्याने होत नाही. मला 31 मार्चला निवृत्त व्हायचंय. माझ्या जागी पुतण्या येईल, इतर दोघांची हरकत नाही.

मित्राचं म्हणणं, स्टॅम्प पेपरवर रिटायरमेंट डीड करू, तू सही कर, झालं. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. बँकेच्या कॅश क्रेडिटला (लागेल तसं उचलायच्या कर्जखात्याला) माझी वैयक्तिक हमी आहे. बी देणारे बरेचसे माझ्या शब्दावर माल उधार देतात. उद्या कारखान्याने पैसे थकवले तर ते माझ्या दारात येतील का? जुन्या कर्जात पुतण्या तर अडकणार नाही ना? पोराचं नुकतंच लग्न झालंय, त्याचीच जास्त काळजी आहे. आणि घरच्यांची, म्हणजे बायकोची सही लागते का?

वकील_म्हापसा:
भाऊ, तुमची शंका रास्त आहे. डीड बांधतो तो तुम्हा चौघांना. बँकेला आणि बी देणाऱ्यांना त्याने काहीच कळत नाही.

‘ॲट विल’ फर्ममधून भागीदाराला इतर सर्व भागीदारांना लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येतं (भागीदारी कायदा 1932, कलम 32). नोटिशीत ‘मी निवृत्त होत आहे’ असंच लिहा. ‘भागीदारी संपुष्टात आणत आहे’ असं लिहिलंत तर कलम 43 खाली अख्खी फर्मच विसर्जित होते. असे मसुदे कोर्टात येतात आणि वर्षानुवर्षं चालतात, म्हणून मुद्दाम सांगतो. तुम्ही तिघे आहात हे बरं. दोघेच असता तर एक गेल्यावर भागीदारीच उरली नसती.

आता जाहीर नोटीस. ती निघेपर्यंत, फर्मने तुमच्यानंतर केलेल्या व्यवहारांनाही तुम्ही बाहेरच्यांपुढे जबाबदार राहता. तुमच्या शब्दावर बी देणारे नेमके यातच येतात. फर्म नोंदणीकृत असल्यामुळे तीन गोष्टी लागतात (कलम 72): रजिस्ट्रार ऑफ फर्म्सना बदलाची सूचना, सरकारी राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेतल्या एका तरी वृत्तपत्रात जाहिरात. आपल्याकडे लोक इंग्रजी दैनिकात जाहिरात देतात आणि काम झालं समजतात. मराठी किंवा कोकणी दैनिकातच द्या. ही नोटीस तुम्हालाही देता येते, इतर दोघांवर विसंबून राहू नका. शिवाय प्रत्येक पुरवठादाराला पत्र पाठवा आणि पोच घ्या.

मागचं देणं मात्र या नोटिशीने सुटत नाही. त्यासाठी धनको, तुम्ही आणि नव्या रूपातली फर्म यांच्यात करार हवा. म्हणजे बँकेकडून ‘निवृत्त भागीदाराची हमी मुक्त केली’ असं लेखी पत्र. बँक ते सहजी देत नाही, दुसरा हमीदार किंवा तारण मागते. म्हणून डीडवर सही करण्याआधी बँकेत जा.

पुतण्या आत येण्यापूर्वीच्या देण्यांना कायद्याने जबाबदार नाही (कलम 31). पण बँक त्याच्याकडून नवीन कागद सही करून घेईल आणि त्यात जुनी बाकीही ओढलेली असू शकते. त्याला प्रत्येक पान वाचायला लावा.

बायकोच्या सहीबद्दल आधी एक सांगा: कारखान्याची जमीन कोणाच्या नावावर आहे? एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, सात-बारासारखा) काढून पाहा.

करसल्लागार_फोंडा:
जीएसटीचं कोणी बोललं नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम 90 प्रमाणे निवृत्तीची तारीख आयुक्तांना लेखी कळवावी लागते. एका महिन्यात कळवली नाही तर कळवलेली पोचेपर्यंत कराची जबाबदारी तुमच्या डोक्यावर राहते. पोर्टलवर भागीदार बदलायचा अर्ज 15 दिवसांत करायचा असतो, तो वेगळा. दोन्ही करा.

आणि 31 मार्च जरा विचार करून ठरवा. हिशेबाला सोयीचा दिवस आहे खरा, पण तेव्हा बी खरेदी भरात असते, गोदामात कच्चा माल आणि कॅश क्रेडिट वर चढलेलं. तुमचा हिस्सा त्या साठ्याच्या किमतीवर ठरणार. बी किती पोती, फोडलेला गर किती, 320 नंबर (गराची एक प्रत) किती, तुकडा किती, हे त्या दिवशी वजन करून चौघांच्या सह्या घ्या. नंतर भावावरून भांडणं होतात आणि घरं तुटतात.

डिचोलीकर_काजू:
दोघांनाही देव बरे करो. उतारा पाहिला. कारखान्याची जमीन फर्मच्या नावावर आहे, पण गोदाम उभं आहे तो तुकडा माझ्या नावावर, लग्नानंतर घेतलेला. माझे पैसे तीन हप्त्यांत देऊ म्हणतात, हे डीडमध्ये कसं घालू?

वकील_म्हापसा:
तर मग वहिनींची सही हवीच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे तो तुकडा दोघांचा, अर्धा-अर्धा. तो फर्मला द्यायचा असेल तर दोघांनी मिळून नोंदणीकृत खत करावं लागेल. द्यायचा नसेल तर भाडेकरार करा, त्यावरही दोघांच्या सह्या. फर्ममधला तुमचा हिस्सा ही कायद्याच्या नजरेत जंगम मालमत्ता, पण त्याचे पैसे दोघांचे. म्हणून डीडवरही वहिनींची संमती सही घ्या, मी तरी त्याशिवाय मसुदा करत नाही.

हप्त्यांच्या तारखा, व्याज आणि चुकल्यास काय, हे स्पष्ट लिहा. काहीच ठरलं नाही आणि तुमचा पैसा धंद्यात वापरत राहिले, तर कलम 37 प्रमाणे त्यावरचा नफ्याचा वाटा किंवा वर्षाला 6 टक्के व्याज, यापैकी एक तुम्हाला मागता येतं. पण डीडमध्ये लिहिलेलं मागणं केव्हाही सोपं. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत गोदामाची जागा फर्मच्या नावे करू नका.

डिचोलीकर_काजू:
समजलं. सोमवारी मी आणि ही, दोघं मिळून बँकेत जातो. पुतण्यालाही बरोबर घेतो.